डग्गा वेळेवर थांबला पाहिजे: शहापुरात बनवून घेतलेले स्पीकर, आठ महिन्यांनंतर

आठ महिने झाले हे स्पीकर घरी येऊन. बेळगावचा जोराचा पाऊसही त्यांनी काढला, आता लिहायला हरकत नाही. आमच्या शहापूर भागात एक मेस्त्री आहेत, दुकान नाही, बोर्ड नाही, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम चालतं, आणि ते ऑर्डरप्रमाणे स्पीकर बनवून देतात. नाव-पत्ता देत नाही, त्यांनीच नको म्हटलंय, वर्षाला पाच-सहा जोड्यांच्या वर त्यांना झेपत नाही. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. पूर्वी उद्यमबागेत फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवायचे, म्हणजे ज्या लाकडी साच्यावरून वाळूत ठसा घेऊन बीड ओततात ते, त्यामुळे लाकूड किती सरळ कापायचं आणि जोड किती घट्ट बसला पाहिजे हे त्यांच्या हातातच आहे.

मी तबला शिकवतो. संध्याकाळी दहा-बारा पोरं येतात, त्यांना जुन्या लोकांचं रेकॉर्डिंग ऐकवावं लागतं, त्यामुळे स्पीकर तपासायचं माझं माप एकच आहे, तबला तबल्यासारखा वाजतो का. बाकी सगळं नंतर.

चार वर्षांपूर्वी मी एका मोठ्या शोरूममधून उभे टॉवर स्पीकर घेतले होते. कंपनीचं नाव घेत नाही, दिसायला देखणे, प्रत्येकात दोन वूफर, म्हणजे खर्जाचा आवाज काढणारे मोठे स्पीकर, आणि मागे पोर्टचं, म्हणजे हवा आत-बाहेर व्हायचं, भोक. शोरूममध्ये ऐकताना छाती भरून आली होती. घरी आणल्यावर विलंबित ठेका छान वाटायचा पण लय वाढली की सगळा चिखल. मला नेमकं काय खटकतंय हे कळायला दोन महिने लागले आणि ते कळलं एका पोरामुळे. त्याला मी तीनताल ऐकवत होतो आणि खाली, म्हणजे टाळी न देता हात रिकामा सोडायची जागा, ओळखायला सांगत होतो, तर तो म्हणाला सर खाली कुठंय, डग्गा तर चालूच आहे. खरंच होतं त्याचं! दहाव्या-अकराव्या मात्रेला तिं तिं येतं तिथं डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा खर्जाचा तबला, गप्प असतो, तीच तर खालीची ओळख, पण माझ्या स्पीकरवर आधीच्या धाचा घुमारा मागून येतच राहायचा, त्यामुळे खाली रिकामी वाटतच नव्हती. डग्ग्यावर गे वाजवून लगेच तळवा दाबला की आवाज जागेवर मरतो, ते मरणं स्पीकरवर ऐकूच येत नव्हतं.

शोरूमवाल्यांना विचारलं तर म्हणाले मोठा वूफर स्लो असतो, तुम्ही छोट्या वूफरचे फास्ट स्पीकर घ्या. हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, सगळीकडे चालतं. मी पण मानलं होतं, आण्णांकडे जाईपर्यंत.

आण्णांनी एक सुटा वूफर टेबलावर ठेवला, आठ इंची, कागदी कोनचा. बोटानं कोनवर टिचकी मारली, ढूंऽऽ असा लांब आवाज आला. मग मागच्या दोन्ही टर्मिनलवर वायरचा एक तुकडा आडवा लावून ती एकमेकांना जोडली आणि पुन्हा तशीच टिचकी मारली. ढप. संपलं. ना करंट ना अँप्लिफायर, फक्त एक वायर. मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही डग्ग्यावर तळवा ठेवता की नाही, हे तेच ओ." मग सांगितलं की कॉइल, म्हणजे कोनच्या मागचं तारेचं वेटोळं, मॅग्नेटमध्ये हलली की तिच्यात उलटा करंट तयार होतो, त्याला फिरायला वाट मिळाली की तोच कॉइलला ब्रेक लावतो. अँप जोडलेला असताना ती वाट अँपमधून मिळते. म्हणजे मॅग्नेट ताकदवान पाहिजे तो नुसता कोन ढकलायला नव्हे, थांबवायलाही. मधेच कानडीत म्हणाले, "निल्लबेकु नोड्री, निल्लबेकु." थांबायला पाहिजे, बघा.

मी त्या दिवशी घरी येताना डोक्यात हेच घेऊन आलो. 60 हर्ट्झचा स्वर म्हणजे सेकंदाला 60 वेळा पुढे-मागे, तो चार इंची वूफरनं वाजवला काय आणि पंधरा इंचीनं वाजवला काय, 60 च राहणार, त्यात फास्ट-स्लो काही नाही. कोन जड असला की त्याच पॉवरमध्ये आवाज कमी निघतो, तो खाली जास्त खोल जातो, पण जड म्हणून तो उशिरा येतो असं नाही. आपल्याला जो बास स्लो वाटतो तो बहुतेक वेळा सुरू उशिरा झालेला नसतो, संपलेला उशिरा असतो. आणि धाच्या सुरुवातीची जी चाट आहे, म्हणजे किनारीचा कडक आवाज, ती तर वूफरची नाहीच, ती वरच्या फ्रिक्वेन्सीची, तिचं बरंचसं काम ट्वीटर, म्हणजे वरच्या आवाजाचा छोटा स्पीकर, करतो. म्हणजे बास फास्ट वाटायला अर्धा हात ट्वीटरचाही लागतो, हे मला आधी कधीच सुचलं नव्हतं.

आता ज्यांच्याकडे पोर्टवाले स्पीकर आहेत त्यांनी पैसे घालवायच्या आधी एक करून बघा. मोबाइलमध्ये टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या, आवाज बेताचा ठेवून 80 पासून हळूहळू खाली या आणि पोर्टसमोर एक पेटलेली उदबत्ती धरा. एका ठिकाणी धूर जोरात हलायला लागेल आणि त्याच वेळी वूफरचा कोन जवळपास थांबलेला दिसेल, ती तुमच्या पोर्टची फ्रिक्वेन्सी. माझी आली 42 च्या आसपास. आणि माझी खोली चौदा फूट लांब, म्हणजे 4.27 मीटर, आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, त्याला लांबीच्या दुपटीनं भागलं की 40 हर्ट्झ. खोलीचा स्वतःचा घुमारा 40 वर, त्याची दुप्पट 80 वर, पोर्टची फुंकर 42 वर. डग्गा बिचारा या दोघांच्या तावडीत सापडला होता! पोर्टमध्ये मी पायमोज्यांची गुंडाळी कोंबली, स्पीकर भिंतीपासून वीतभर होते ते अडीच फूट पुढे ओढले, तर निम्मा चिखल तिथेच गेला. बास थोडा बारीक झाला पण थांबायला लागला. तुमचं काम एवढ्यात झालं तर पुढचं वाचायची गरजही नाही.

माझं झालं नाही, कारण मोजे घालून बंद केलेला पोर्टवाला बॉक्स हा मुळात बंद म्हणून मोजून केलेला बॉक्स नसतो. म्हणून आण्णांना ऑर्डर दिली, पूर्ण बंद बॉक्स, सीलबंद.

ही सीलबंद बॉक्सची कल्पना जुनी आहे. कॉइल आणि कोनचा आजचा स्पीकर अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये मांडला, आणि 1954 मध्ये एडगर विल्चर यांनी बंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरून छोट्या बॉक्समधून खोल बास काढून दाखवला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी याचं सगळं गणित बसवून दिलं, वूफरचे आकडे घ्या, बॉक्सचे लिटर काढा. आण्णांच्या शेडमध्ये भिंतीवर खडूनं तेच आकडे लिहिलेले असतात. त्या गणितात एक आकडा आहे, क्यू. तो म्हणजे झोपाळ्यासारखा समजा, ढकलून सोडला तर किती वेळ झुलत राहील. 0.5 ला झोपाळा एका फेरीतच शांत, 1 च्या वर गेला की झुलतच राहतो, आणि 0.7 ला बास सपाटही मिळतो आणि फार झुलतही नाही. माझा बॉक्स 0.7 ला धरलाय. आतून 24 बाय 28 बाय 40 सेंटिमीटर, म्हणजे साधारण 27 लिटर. बंद बॉक्सचा बास खाली जाताना सावकाश उतरतो, सप्तकाला 12 डेसिबल, पोर्टवाल्याचा एकदम कड्यावरून पडल्यासारखा, 24. जेवढा उतार तीव्र तेवढं मागून रेंगाळणं जास्त. पोर्टवाले सगळे वाईट असं अजिबात म्हणायचं नाही मला, नीट केलेला पोर्ट मीही ऐकलाय, पण माझ्या खोलीला आणि माझ्या तबल्याला हेच योग्य होतं.

आता बॉक्सबद्दल, कारण आण्णांची खरी कला इथे आहे. 18 मिलीचा प्लाय, एमडीएफ नाही, आमच्याकडच्या पावसात एमडीएफच्या कडा फुगतात. आत मधोमध एक आडवी पट्टी भोकं पाडून बसवलीय, जेणेकरून बाजूच्या फळ्या थरथरू नयेत. जुन्या टॉवरवर बोटाच्या पेरानं ठोकलं तर ठण् असा स्वर यायचा, यावर ठोकलं तर नुसतं टक्. वाचणाऱ्याला वाटेल एवढं काय त्यात, पण फळी थरथरली म्हणजे ती पण एक स्पीकर झाली, आणि तिला ब्रेक नाही, तिच्यामागे मॅग्नेट नाही, ती आवाज साठवून ठेवते आणि मागाहून सोडते. गाण्यात ते गळ्यावर येतं, गायकाच्या घशात खाकरा बसल्यासारखं. स्टँडही त्यांनीच केले, लोखंडी चौकोनी पाइपचे, आणि त्यात भरली फौंड्रीची सुकी वाळू! ही आयडिया बेळगावातच सुचणार. पाइप वाजायचा पूर्ण बंद.

ट्वीटर रेशमी घुमटाचा. त्याचं हलणारं सगळं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आत, वूफरचं वीस-पंचवीस ग्रॅम. या दोघांत आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर 2,500 हर्ट्झच्या आसपास आहे आणि तबल्याच्या दृष्टीनं ही जागा फार महत्त्वाची. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच लिहून ठेवलंय की शाईमुळे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपामुळे, आपल्या तबला-मृदंगाचे वरचे स्वरांश पूर्ण पटीत येतात, दुप्पट, तिप्पट, चौपट असे, म्हणून तो इतर चामड्यांच्या वाद्यांसारखा नुसता धबधब न वाजता सुरात वाजतो. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, तबला धरला तर सूर 277 हर्ट्झच्या आसपास, पाच पटीचा हिशोब केला तरी 1,400 च्या आतच सगळं संपतं. म्हणजे शाईचा सगळा सूर एकाच वूफरमधून येतो, फुटत नाही, फक्त किनारीची चाट वर ट्वीटरकडे जाते. पूर्वी माझ्या टॉवरवर तबला सुरात असूनही प्लास्टिकच्या डब्यावर वाजवल्यासारखा का वाटायचा त्याचं कारण यात असेल का, मी ठाम सांगणार नाही, पण इथे तो तसा वाटत नाही एवढं ठाम सांगतो.

आणखी एक. ट्वीटरचा घुमट फळीच्या तोंडाशी असतो आणि वूफरची कॉइल दोन-तीन सेंटिमीटर आत. 3.4 सेंटिमीटरचा फरक म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचा उशीर, ऐकायला काहीच नाही, पण 2,500 हर्ट्झची एक लाट साडेतेरा-चौदा सेंटिमीटरचीच असते, म्हणजे पाव लाट मागे-पुढे झाली. दोघं मिळून जिथे वाजवतात तिथेच आवाजाला खड्डा पडू शकतो. आण्णांनी समोरची फळी थोडी मागे कलती ठेवलीय, त्यानं ट्वीटर आपल्या कानापासून जरा लांब जातो आणि हिशोब जुळतो. त्यामुळे उंची महत्त्वाची झाली. मी खुर्चीत बसून ऐकतो तेव्हा एकदम बरोबर, पोरं खाली सतरंजीवर बसतात तेव्हा चाट थोडी बोथट होते. शेवटी स्टँड चार इंच कापून घेतले.

आता जोराबद्दल. माझे 90 डेसिबलचे आहेत, एका वॅटला, एक मीटरवर. निपाणीच्या मित्राकडे छोटे ब्रिटिश पद्धतीचे मॉनिटर स्पीकर आहेत 83 चे, फार गोड, कंठसंगीत त्यांच्यावर ऐकावं. पण 7 डेसिबलचा फरक म्हणजे तेवढाच आवाज काढायला पाच पट पॉवर. तबल्याची थाप म्हणजे क्षणात वर जाणारा आवाज, जिथे माझ्या अँपला 10 वॅट पुरतात तिथे त्यांना 50 लागणार. आणि स्पीकरला दिलेल्या विजेतला शेकड्यातला एखादाच टक्का आवाज होतो, बाकी सगळी कॉइलमध्ये उष्णता. तांब्याचा रेझिस्टन्स 100 अंश तापल्यावर जवळपास 39 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तापलेला स्पीकर पाहिजे तेवढी पॉवर घेतच नाही, थाप दबते. विसर्जनाच्या रात्री मंडळांचे बॉक्स पहाटे पहाटे कसे मेल्यासारखे वाजतात ते आठवा. आपण म्हणतो आवाज लावणारा दमला, अर्धं कारण कॉइल दमलेली असते. कमी पॉवरमध्ये काम भागलं की हा त्रासच कमी. माझा जुना जपानी अँप 40 वॅटचा आहे आणि तो अर्ध्यावर कधी न्यावा लागला नाही.

मग मी खरी परीक्षा घेतली. विल्चर यांच्या कंपनीनं 1960 च्या आसपास खऱ्या वादकांना स्टेजवर बसवून मधेच त्यांच्या रेकॉर्डिंगवर जायचे आणि लोकांना ओळखायला सांगायचे प्रयोग केले होते, तेच घरी केलं. रेकॉर्डिंग गच्चीवर पहाटे केलं, खोलीत नाही, कारण खोलीत रेकॉर्ड करून खोलीतच वाजवलं की खोली दोनदा ऐकू येते. एका मोठ्या विद्यार्थ्याला पाठ करून दाराबाहेर बसवलं, दहा वेळा, कधी मी खरा तबला वाजवला कधी रेकॉर्डिंग. जुन्या टॉवरवर त्यानं दहाच्या दहा ओळखले. नव्यावर सात. नुसता अंदाज केला असता तरी पाच आले असते, त्यामुळे सात म्हणजे काय ते तुम्ही ठरवा, मला मात्र त्या दिवशी रात्री झोप लागली नाही. कशावरून ओळखलंस विचारलं तर म्हणाला डग्ग्याच्या मिंडेवरून, मनगट घासत खाली येताना शेवटचा जो गोळा येतो तो स्पीकरवर बारीक वाटला. कान आहे पोराला. बंद बॉक्स माझ्या खोलीत 55 च्या खाली उतरायला लागतो, त्याची ही किंमत आहे.

त्रास काय झाला तेही लिहितो. एक महिन्यात देतो म्हणाले आणि अडीच महिने लावले, मधे गणपतीचे दिवस आले, मंडळांची कामं आधी झाली. मला चार चकरा माराव्या लागल्या आणि मला ते आवडलं नाही, तसं सांगितलंही. मागची टर्मिनल हलक्या दर्जाची होती, एक महिन्यात ढिलं झालं, नंतर चांगली बसवून दिली फुकटात. व्हीनियरचे दाणे दोन्ही बॉक्सवर जुळत नाहीत, उजव्याचा रंग थोडा गडद आहे. पुढे जाळी नाही, लहान पोरं असतील तर ट्वीटरच्या घुमटावर बोट गेलंच समजा. वॉरंटीचा कागद नाही, आण्णांचा शब्द आहे. मोठ्या हॉलला हे पुरणार नाहीत, वीस बाय तीस फुटांच्या कार्यक्रमाला नेऊन बघितले, बास हवेत विरून गेला.

पावसात काही झालं नाही. जुलैमध्ये भिंतींना ओल आली, तबल्याची पुडी उतरायची, पण कागदी कोनवर काहीतरी लेप आहे तो टिकला, प्लाय सरळ.

खोलीसाठी दोन गोष्टी केल्या. मागच्या भिंतीवर दोन घोंगड्या एकमेकांवर टांगल्या, शहाबादी फरशीवर जाजम. घोंगडीनं टाळीचा खणखणाट गेला, चाट स्वच्छ झाली, पण बासला तिचा काही उपयोग नाही, 40 हर्ट्झची पाव लाटच दोन मीटरच्या वर असते, तिला घोंगडी काय अडवणार. त्यासाठी स्पीकरची आणि बसायची जागा बदलणं हाच उपाय, बरोबर मागच्या भिंतीला टेकून बसू नका.

गाण्याबद्दल कमी लिहिलं, पण तेही सांगतो. सुळेभावी आमच्यापासून जवळच, कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, तिथे जन्मले, 1924 साली, त्यांचं गाणं आमच्याकडे घरातलं असतं. त्यांचा स्वर सोडायचा जो क्षण आहे, अर्ध्यात सोडून देतात आणि पुढचा श्वास घेतात, त्या मधल्या जागेत मागे तानपुरा एकटा उरतो. टॉवरवर मला ती जागा कधी कळलीच नव्हती, तिथे आधीच्या सुराची धूळ असायची. आता तिथे तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणकार, ऐकू येते, मिरजेच्या तानपुऱ्याची असते तशी, तार तुटक न होता उलगडत जाते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी परत परत तेवढाच तुकडा लावला, अर्धा तास गेला असेल.

जोडीला 38,000 पडले, स्टँडचे 4,500 वेगळे, अँप आणि वायर आपली. ज्यांना घरात बसून शास्त्रीय, भजन, नाट्यसंगीत, बोललेला आवाज ऐकायचा आहे आणि खोली बारा-पंधरा फुटांची आहे त्यांनी डोळे झाकून घ्यावेत. सिनेमातले स्फोट, लग्नाची वरात, गच्चीवरची पार्टी यासाठी नको, त्याला आण्णा वेगळे हॉर्नचे बॉक्स करतात, ते मी वापरलेले नाहीत. शेडवर जाताना आपलं रोजच्या ऐकण्यातलं रेकॉर्डिंग घेऊन जा, आणि खोलीची लांबी-रुंदी-उंची मोजून न्या, पहिला प्रश्न तोच विचारतात. श्रावण-भाद्रपदात ऑर्डर देऊ नका, गणपती झाल्यावर जा, तेव्हा त्यांना बोलायलाही वेळ असतो.